राखलेली बाव

माझ्या सासऱ्यांचं नाव धोंडू. गाव त्यांना धोंडूबाबा म्हणतं, मी तोंडावर बाबा म्हणते, आणि पाखाडी चढताना जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाखाडी म्हणजे आमच्या वाडीतून खाली नदीवर उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट. लग्नाआधी मला सगळ्यांची ओळख करून दिली होती, नणंदांची, दिरांची, आतेसासूंची, अगदी गाभण म्हशीचीसुद्धा. पाखाडीची तेवढी राहून गेली.

बाबांनी तरुणपणी मुंबईत गोदीत माल उतरवला. तिथं माणसं कमी करायला लागले तेव्हा पन्नाशीच्या आतच ते गावी परतले. लांज्यापासून बरंच आत, नदीच्या चढावर आमची बौद्धवाडी. आल्या आल्या, कुणी नेमलं नाही, मतदान झालं नाही, तरी ते बावीचे कारभारी झाले. बाव म्हणजे विहीर. माझ्या माहेरी गुहागरकडेही बावच म्हणतात, फरक एवढाच की तिकडे बावीत पाणी असतं.

आमच्या वाडीला ही एकच बाव. जांभ्यात खोदलेली, गोल, काठाला दरवर्षी चुना. दिसायला अशी देखणी की येणारा जाणारा फोटो काढतो. पावसाळ्यात भरलेली, दिवाळीपर्यंत बरी, आणि शिमगा झाला की पोहरा तळाला खडखडायला लागतो. मग बायका पाखाडी उतरतात आणि नदीच्या कोंडीतून पाणी आणतात. बाकीची नदी वाळली तरी त्या खोल डोहात पाणी टिकतं. इथपर्यंत सगळी निसर्गाची करणी. त्याच्यापुढची करणी बाबांची.

तिला वाडीत बाव राखणं म्हणतात. कुणाच्या मुलाचं लग्न ठरायचं असलं आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार असली, की काही दिवस आधी बावीचा उपसा बंद. रहाटाचा दोर बाबा स्वतः सोडून घरी नेतात आणि खुंटीला टांगतात. एवढाएवढासा झिरा असतो बावीला, पण कुणी उपसलंच नाही तर तो साठत जातो. पाहुणे येईपर्यंत वरून वाकलं की तोंड दिसेल इतकं पाणी. तोवर वाडीतल्या सगळ्या बायका, म्हाताऱ्या काय नि बाळंतिणी काय, नदीवरून पाणी भरतात. पाहुण्यांना मात्र बाबा बावीवर घेऊन जातात, काठावर हात ठेवतात आणि सहज बोलल्यासारखं सांगतात की आमच्याकडे पाण्याची ददात नाही. ही पद्धत त्यांच्या आधीपासूनची, पण तिला पूर्णत्वाला नेलं ते बाबांनी.

माझ्या वडिलांची स्थळ बघताना एकच अट होती. पोरीला काम पडलं तरी चालेल, पाण्याचे हाल नकोत. बिचारे आमच्या सुपारीच्या बागेतून उठून आले, बावीत वाकले, स्वतःचं तोंड बघितलं आणि खूश होऊन परत गेले. घरी येऊन आईला म्हणाले की काठोकाठ आहे. लग्न झालं, हळद उतरायच्या आत सासूबाईंनी हातात हंडा दिला आणि म्हणाल्या, चल, तुला वाट दाखवते. त्या दिवशी माझी पाखाडीशी ओळख झाली. मी त्या उन्हात इतकी रडले की सासूबाई म्हणाल्या, रडू नको, तहान लागते.

आता तुम्ही म्हणाल, फसलेल्या बायकांनी ही पद्धत बंद का नाही पाडली? अहो, फसलेल्या बायकांना मुलगे होतात. मुलगे मोठे होतात, त्यांना मुली बघायच्या असतात. मग तीच बाई, जिने लग्नानंतर महिनाभर सासऱ्याला शिव्या घातल्या, ती हंडा उचलते आणि बाबांना विचारते, उपसा कधीपासून बंद करायचा? वाडीतली एकूणएक सून अशी पाण्याच्या जोरावर आली आहे. बाबांना याचा मोठा अभिमान.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आमच्याकडे संशोधन आलं.

नदीच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठं जातं, याचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तिच्यातर्फे राही मॅडम आल्या. पुण्याच्या, पायात बूट, बोलायला सरळ. बरोबर दोन जण, बाटल्या, नकाशे आणि एक लांब फीत. ती फीत बावीत सोडली की पाण्याला टेकल्याबरोबर पिपाणीसारखी वाजते आणि पाणी किती खोल आहे ते कळतं. आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं मोकळं पठार. त्यावर तीन लहान तळी. पावसात ती भरतात आणि माघ संपेपर्यंत त्यांत धूळ उडायला लागते. गाळ साचलाय, बांध फुटलेत. मॅडमचं म्हणणं, ही तळी नीट केली तर पाणी हळूहळू कातळात मुरेल आणि खालच्या बावींना उन्हाळ्यात मिळेल. अशी तळी खोऱ्यातल्या इतर वाड्यांच्या वरही होती, पण काम एका वेळी एकाच तळ्याचं होणार होतं. ज्या वाडीची बाव मे महिन्यात सगळ्यात जास्त आटते, तिच्या वरचं तळं पहिलं.

हे ऐकून मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी कोरडेपणाचं बक्षीस मिळणार. यात आम्हाला हरवणारा कोण?

मॅडम दिवाळीनंतर पहिल्यांदा मोजून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, आता मे महिन्यात येऊ, तारीख कळवू. बाबांनी त्यातलं एवढंच ऐकलं की मे महिन्यात पाहुणे येणार. तारीख कळली तशी त्यांनी दोर सोडला. मी विचारलं, बाबा, हे मुलगी बघायला येत नाहीयेत, हे पाणी मोजायला येतायत. बाबा म्हणाले, पुण्याची माणसं आहेत, त्यांच्यासमोर तर अजिबात शोभा नको. मी मुंबईला नवऱ्याला फोन लावला. अमरदीपरावांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि नेहमीचा सल्ला दिला, बाबा म्हणतात तसं कर. त्या माणसाला घरातलं सगळं दोनशे मैलांवरून सोपं दिसतं.

मॅडम आल्या, फीत सोडली, ती लगेच वाजली. मॅडमनी पुन्हा सोडली, पुन्हा लगेच वाजली. भर मे महिना, चढावरची वाडी, खाली कातळ, आणि बावीत एवढं पाणी! मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबांचा तर त्याहून. त्यांनी सगळ्यांना कोकम सरबत पाजलं. ते ज्या पाण्यात केलं होतं ते मी सकाळी डोक्यावरून आणलं होतं.

पुढे पावसाळ्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली आणि मॅडमनी भिंतीवर खोऱ्याचा नकाशा दाखवला. जिथं पाणी तिथं निळा रंग, जिथं टंचाई तिथं तांबडा. अख्खं खोरं निळंशार. आमची वाडी तर अशी निळी की समुद्रच वर आला म्हणावं. मॅडम प्रामाणिक बाई, त्या म्हणाल्या की आम्हाला हे अपेक्षित नव्हतं. एवढ्या चढावर एवढं पाणी म्हणजे सड्याच्या पोटात एखादा आपल्याला न दिसणारा प्रवाह असण्याची शक्यता आहे, त्याचा शोध घ्यावा लागेल. माझ्या सासऱ्यांच्या अब्रूला अशा रीतीने शास्त्रात जागा मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाबा खुर्चीत जरा सरळ बसले, जणू तो प्रवाह त्यांनीच मुंबईहून आणला होता.

मी बैठक संपल्यावर मॅडमना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की प्रवाह बिवाह काही नाही, तो दोर आमच्या खुंटीला होता. मॅडमनी ऐकून घेतलं. पण बाजूला गावातली चार माणसं उभी होती, ती लगेच म्हणाली, छे छे, असं काही नाही, ताई गमतीने बोलतायत. मॅडम म्हणाल्या, करुणाताई, मी मोजलं तेच लिहू शकते. पुढच्या मेमध्ये आम्ही शेवटचं मोजणार आहोत. त्या वेळी बाव आटलेली दिसली तर तुमचं तळं पहिलं. नाही दिसली तर तुमच्या वाडीचं नाव यादीतून जाईल, आणि मग मला काही करता येणार नाही.

म्हणजे एक मे महिना उरला होता. मी वाडीतल्या बायकांना गोळा केलं. सगळ्यांनी मान हलवली की या खेपेला काही झालं तरी बाव राखायची नाही. जशी आहे तशी दिसू दे. बायकांचा निर्धार असा पक्का की तो पुढे निदान आठ-नऊ महिने टिकला.

मग माझ्या सम्यकला स्थळ आलं.

सम्यक माझा मुलगा. लांज्याला काजूच्या कारखान्यात मशीनवर आहे. पोरगा गुणी, पगार बरा, व्यसन नाही, तिशी उलटली. याआधी दोन स्थळं आली आणि गेली, कारण हल्लीच्या मुली बावीत वाकत नाहीत, सरळ विचारतात नळ आहे का. हे तिसरं नदीच्या पलीकडच्या काठावरचं. मुलगी श्रुती, दापोलीला शिकलेली. दोघांनी एकमेकांना बघितलं होतं, पसंती होती, पोरगा फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या मारायला लागला होता. उरलं होतं ते मुलीच्या आईने, यमुनाबाईंनी, घर बघायचं. त्यांनी दिवस कळवला. दोन दिवसांनी मॅडमनीही दिवस कळवला. तोच रविवार.

आता बोला.

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. दोर सोडला, खांद्यावर टाकला आणि घरी निघाले. मी बायकांकडे बघितलं तर एकेक जण हंडा घेऊन पाखाडीकडे. एक म्हणाली, करुणा, तुझ्याच पोराचं आहे ना, आम्ही मोडता कसा घालणार? आणि खरं सांगते, त्या घडीला मला त्यांचा राग आला नाही. सम्यक समोर बसला होता, मोबाइल हातात, माझ्याकडे बघत. मला तळंही हवं होतं आणि सूनही हवी होती. पण श्रुतीच्या आईने बावीत वाकून तोंड बघायचं आणि श्रुतीने लग्नानंतर माझ्यासारखं उन्हात रडायचं, हे माझ्याच्याने बघवणार नव्हतं.

मी बावीवर गेले. बाबा दोर घरी टांगून परत आले होते आणि काठावर बसले होते. मी घरातून दुसरा दोर आणला होता. म्हटलं, बाबा, उठा, मी उपसा चालू करते. ते उठले नाहीत. म्हणाले, माझ्या अंगावरून पोहरा सोड. मी म्हटलं, तळं गेलं तर परत येणार नाही, आणि तुमची ही अब्रू माझ्या डोक्यावरून येते, मण मण वजनाची. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. बावीच्या काठावरून हात फिरवत बोलायला लागले.

"मी लहान व्हतो तवा गावच्या पाणवठ्याला आमाला हात लावायची मुभा न्हवती. आय कळशी खाली ठेवून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरनं ओतायचा. न्हाय आली तर दुपार व्हायची. मग आमच्या माणसांनी ही बाव खोदली. बापूस आत उतरायचा, आय डोक्यावरनं माती काढायची. पाणी लागला त्या दिवशी आय नुसती बगत बसलेली. आता परक्या माणसानं येवन या बावीत वाकायचा नि कोरडी बगायची, तर मला परत त्या पाणवठ्यावर उभा केल्यासारखा वाटतंय. मला ते सोसत न्हाय गो."

हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. राग होता तो होताच, पण डोळ्यांत पाणीही आलं, आणि मला त्याचाही राग आला. शेवटी मी एवढंच म्हटलं.

"बाबा, तेव्हाही पाण्यासाठी बाईच उभी होती."

ते उठले नाहीत. मी दोर तिथंच टाकून घरी आले. बाव भरत राहिली.

रविवारी सकाळी यमुनाबाई आल्या, बरोबर त्यांचे भाऊ रावजी. यमुनाबाई काटक, कमी बोलणाऱ्या, नजर सगळीकडे. घावणे झाले, चहा झाला, सम्यकचा पगार विचारून झाला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोला हात जोडून झाले. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, बाव कुठं आहे? बाबा याचीच वाट बघत होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, ते पुढे, आम्ही मागे. आणि बावीवर बघते तर मॅडमची गाडी आलेली, मॅडम फितीची गुंडाळी सोडवत उभ्या. बाबांनी दोन्हीकडच्या पाहुण्यांचं एकदमच स्वागत केलं.

यमुनाबाई बावीत वाकल्या. माझ्या वडिलांसारखं त्यांनी स्वतःचं तोंड बघितलं नाही. त्यांनी पाण्यावर बघितलं. वर वाऱ्याने आलेला पाचोळा, धुळीची साय, कडेकडेने कोळ्याची जाळी. रहाटाच्या चाकाला हात लावून त्यांनी बोटं बघितली, ती कोरडी होती. मग सरळ उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात बाबांना विचारलं.

"कधीपासून राखलीय?"

मॅडमनी मान वर केली. त्यांना शब्द नवीन होता, त्यांनी विचारलं, राखलीय म्हणजे? आणि यमुनाबाईंनी, काही लाजबीज न वाटता, समजावून सांगितलं. आमच्याकडे पण असंच करतात, म्हणाल्या. पाहुणे यायचे असले की उपसा बंद. गेल्या साली तुम्ही फीत घेऊन आलात तेव्हा पण आम्ही राखलेली. आमच्या वरच्या वाडीने पण. नदीच्या दोन्ही काठांना कोण राखत नाही ते विचारा.

मॅडम त्या कठड्यावर टेकल्याच. अख्खं निळं खोरं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, आणि सड्याच्या पोटातला तो प्रवाहही. मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मॅडमनी बाबांकडे वळून विचारलं, बाबा, या म्हणतात तसं आहे का? मला तुमच्या तोंडून पाहिजे. बावीतलं हे पाणी रोजच्या वापरातलं आहे की साठवलेलं?

मी बाबांकडे बघितलं. रोजचं आहे म्हणाले असते तर अब्रू राहिली असती आणि तळं गेलं असतं. साठवलेलं म्हणाले तर तळं राहिलं असतं, पण मुलीची आई समोरच उभी. ती ओळखून आहे, पण ओळखणं वेगळं आणि मुलाच्या आजोबाने तोंडाने कबूल करणं वेगळं. सोयरिकीत लोक खोटं पोटात घालतात. खरं बोललेलं मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. सम्यक खाली मान घालून उभा होता. बाबांनी टोपी काढली, परत घातली. मग मॅडमना उत्तर न देता ते यमुनाबाईंशी बोलले.

"राखलेली हाय. पोर दिलीत तर तिला नदीवरनं पाणी आणावा लागंल, उन्हाळाभर. आमी सांगत न्हाय कोणाला. हिला पण मी न सांगताच आणली, हिच्या बापसाला फसवून."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

हे शब्द ऐकायचेत म्हणून मी किती वर्षं थांबले होते. ऐकल्यावर काय काय बोलायचं तेही पाखाडीच्या पायरीपायरीवर ठरवून ठेवलं होतं. आणि प्रत्यक्षात मी नुसती पदराचं टोक धरून उभी. बाबांनीच मी टाकलेला दोर उचलला, चाकावर चढवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, उपस.

मॅडम सावरल्या. त्यांनी सांगितलं की असं असेल तर बाव पूर्ण उपसून बघू, आणि मग किती वेळात किती भरते ते मोजू, खरी परीक्षा तीच असते. मग काय, सगळी वाडी लोटली. बायका, पोरं, रावजीसुद्धा बाह्या सरसावून. हंडे, कळशा, बादल्या, म्हशीची घमेली, सगळं भरलं. दुपार कलायच्या आत तळ दिसला. जांभ्यावरचे कुदळीचे जुने घाव उघडे पडले. बाबा एकटेच काठाशी उभे राहून ते बघत होते. पाहुणे त्यांच्या शेजारी वाकून बघत होते आणि बाबांनी कुणाला बाजूला केलं नाही. मॅडमची फीत खाली गेली आणि वाजलीच नाही. त्या सावलीत बसून राहिल्या, अधूनमधून फीत सोडत. झिरा असा की ऊन उतरलं तरी तळातला दगड झाकला गेला नव्हता.

या सगळ्यात यमुनाबाई एका बाजूला जाऊन घरी फोन करत होत्या. मी सरबत द्यायला गेले तेव्हा कानावर आलं. घरच्यांना सांगत होत्या की उद्या मॅडम तिकडे येणार आहेत, तर आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी लागा आणि बाव उपसून कोरडी ठणठणीत करून ठेवा. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता खोऱ्यात सगळीकडे बावी उपसल्या जाणार आणि पुढच्या नकाशात लालभडक रंग लागणार. मॅडमना आयुष्यभर पुरेल एवढं काम आम्ही करून ठेवलं आहे.

निघताना यमुनाबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, कळवतो. आमच्याकडे कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. ते कळवणं अजून आलेलं नाही. सम्यक अजून अंगणात फेऱ्या मारत फोनवर बोलतो, म्हणजे पोरीचं मन आहे, आईचं वळायचं आहे. तळ्याचं म्हणाल तर आमचं तळं पहिलं लागलं. गाळ निघालाय, बांध घातलाय, या पावसात ते भरेल. बाव किती धरते ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल. मी मॅडमसारखी मोजल्याशिवाय बोलायची नाही.

पण त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. पाहुणे गेले, मॅडम गेल्या. भरलेली भांडी म्हशी, चूल आणि पोरांच्या अंघोळी यांतच संपली. ती काय कोण राखून ठेवणार होतं? बाव कोरडी, रात्रीच्या भाताला पाणी नाही. मी हंडा उचलला. मागे वळून बघते तर बाबा. पांढरा सदरा अंगात, हातात सासूबाईंची जुनी कळशी. आमच्या वाडीत पुरुष पाणी भरत नाहीत, तशी पद्धतच नाही. मी म्हटलं, बाबा, तुमचं वय काय, बसा घरी. ते माझ्या पुढे होऊन पाखाडी उतरायला लागले.

उतरताना काही वाटलं नाही त्यांना. कोंडीवर कळशी बुडवली, बायकांसारखी डोक्यावर घ्यायला गेले, जमेना, मग खांद्यावर घेतली. चढायला लागलो. मी मुद्दाम हळू चालत होते. निम्म्या वाटेत, जिथं पायऱ्या उंच होतात आणि मावळतीचं ऊनही थेट पाठीवर येतं, तिथं ते थांबले. कळशी खाली ठेवली. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलेलं, छाती भात्यासारखी हलत होती. वर बघितलं तर वाडी अजून दिसतही नव्हती. खाली नदीकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावरच्या हंड्याकडे बराच वेळ बघत राहिले, जसं काही तो पहिल्यांदाच दिसत होता.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, बाबा," मी म्हटलं.